उसन्या यंत्रावरचा सिनेमा

संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा खेळ जिंकण्या-हरण्यासाठी न खेळता, त्यातील जगालाच चित्रीकरणाचे स्थळ, त्यातील आकृत्यांनाच नट आणि खेळाडूच्या नजरेलाच कॅमेरा मानून छोटा चित्रपट तयार करण्याच्या प्रथेला जगभर ‘मॅशिनिमा’ असे नाव आहे. मराठी मुलांत मात्र हा प्रकार बहुधा नुसत्या ‘सिनेमॅटिक’ या नावाने ओळखला जातो. या प्रथेला सर्वाधिक मानवतात ते ‘सँडबॉक्स’ पद्धतीचे खेळ, म्हणजे ज्यांत ठरावीक शेवट गाठण्याची सक्ती नसते आणि खेळाडूला हवे तेथे हिंडता, हवे ते मांडता व मोडता येते असे खेळ. आणि तिचे खरे हत्यार आहे ‘मॉड’, म्हणजे मूळ कंपनीबाहेरच्या कोणीतरी तयार केलेली, खेळात नवी वस्तू, नवे रूप किंवा नवी सोय घालणारी फाइल. या प्रथेचा इतिहास सहसा अमेरिकेपासून सुरू केला जातो आणि संगणकापुरता तो योग्यही आहे; परंतु दुसऱ्या कामासाठी घडलेले यंत्र उसने घेऊन, ते आतून समजावून घेऊन त्यातून चित्रपट काढण्याची खटपट महाराष्ट्राला नवी नाही.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जे प्रयोग सुरू केले, ते लुमिएर बंधूंची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी दाखवली जाण्यापूर्वीचे होत. त्यांच्या हाती असलेला ‘मॅजिक लँटर्न’ हा काचेवरचे स्थिर चित्र पडद्यावर मोठे करून दाखवणारा विलायती दिवा होता आणि एकामागून एक स्थिर चित्रे दाखवणे एवढेच त्याचे काम. पटवर्धनांनी एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था हाताने वेगवेगळ्या काचांवर रंगवल्या, त्या भराभर बदलण्याची युक्ती बसवली, एकाऐवजी अनेक दिवे एकाच पडद्यावर रोखले आणि रामायण-महाभारतातील आख्याने निवेदन व संगीताच्या साथीने उभी केली. त्यांचे पुत्र रामचंद्र आणि विनायक हेही या उद्योगात होते. यंत्र परके, मजकूर घरचा आणि हालचाल दोहोंच्या झटापटीतून निघालेली, असे या प्रयोगाचे वर्णन करता येईल.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांची गोष्ट याच कुळातली आहे. बंधू आनंदराव यांच्यासह चित्रपट दाखवण्याचे यंत्र न्याहाळून चित्रपट टिपणारे यंत्र कसे बनवावे, या ध्यासात त्यांनी वर्षे घालवली. 1916 मध्ये आनंदराव वारले, तरी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने 1918 च्या सुमारास कॅमेरा तयार झाला आणि 1920 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. दादासाहेब फाळके यांनी विलायतेहून कॅमेरा आणला आणि पेंटर यांनी तो घडवला, हा फरक कौतुकापुरता सांगितला जातो; त्याचे महत्त्व अधिक आहे, कारण यंत्र उघडून पाहणाऱ्याची दृष्टी आणि यंत्र विकत घेणाऱ्याची दृष्टी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मॉड करणारा पहिल्या पंथाचा असतो.

संगणकावरील या प्रथेचा प्रारंभ 1996 मध्ये झाला असे मानतात. त्या वर्षी जूनमध्ये ‘क्वेक’ हा गोळीबाराचा खेळ बाजारात आला. त्यात खेळलेला डाव नोंदवून ठेवण्याची सोय होती. परंतु ही नोंद, जिला ‘डेमो’ म्हणत, चित्रफीत नव्हती. कोणते पात्र कोणत्या क्षणी कोठे होते आणि कोणीकडे पाहत होते, एवढीच माहिती तीत साठवलेली असे आणि डेमो लावला की खेळ तीवरून सारे दृश्य नव्याने रंगवी. त्यामुळे फाइल लहान राही, संथ टेलिफोनजोडणीवरूनही पाठवता येई, आणि मुख्य म्हणजे तीतील आकडे बदलले की दृश्य पाहणाऱ्याची जागाही बदले. ‘रेंजर्स’ नावाच्या खेळाडूंच्या टोळीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसृत केलेली ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ ही जेमतेम दीड-दोन मिनिटांची फीत कथेच्या दृष्टीने सामान्यच आहे. एका जागी दबा धरून बसणाऱ्या खेळाडूचा काटा काढला जातो, इतकेच तीत घडते. तिचे ऐतिहासिक स्थान आहे ते कॅमेऱ्यामुळे, कारण येथे प्रथमच पाहणारा डोळा कोणत्याही खेळाडूच्या कपाळात नव्हता. तो खोलीत मोकळा होता.

पुढील काळात या डोळ्याला स्वातंत्र्य मिळवून देण्यासाठी नाना क्लृप्त्या निघाल्या. 1 एप्रिल 2003 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘रेड व्हर्सेस ब्लू’ या अमेरिकी मालिकेत एक खेळाडू कॅमेरामनचे काम करी, त्याच्या पडद्यावरील नेमबाजीच्या खुणा वर-खाली काळ्या पट्ट्या टाकून झाकल्या जात, आणि ‘हेलो’ या खेळातील एका त्रुटीचा फायदा घेऊन पात्रे बंदूक खाली धरून गप्पा मारताना दाखवली जात. पिस्तूल हाती असताना नजर जमिनीकडे वळवली, तरी डोके सरळच दिसे, ही ती त्रुटी. खेळाच्या दुसऱ्या भागात कंपनीने बंदूक खाली घेण्याची अधिकृत सोय ठेवली. नियमभंगातून सोय जन्माला येण्याचे असे प्रसंग या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतात.

त्या दृष्टीने ‘गॅरीज मॉड’ हा मैलाचा दगड होय. इंग्लंडच्या गॅरी न्यूमन यांनी ‘हाफ-लाइफ 2’ या खेळावर 2004 मध्ये चढवलेला हा मॉड 29 नोव्हेंबर 2006 रोजी स्वतंत्र खेळ म्हणून विक्रीस आला. त्यात ध्येय नाही, शत्रू नाही, गुण नाहीत. रिकामे मैदान आहे, वस्तू व पात्रांचे कोठार आहे, आणि कोणतीही वस्तू उचलून हवेत गोठवणारे एक यंत्र आहे. पात्राचा एकेक सांधा धरून वाकवावा, बोटे मिटवावीत, भुवया उंचावाव्यात, डोळे वळवावेत आणि मग चित्र टिपावे, अशी ही पद्धत असून पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या नाचवणाऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. याच वस्तूंच्या कोठारातून आणि ‘सोर्स फिल्ममेकर’ या 2012 मध्ये खुल्या झालेल्या चित्रपट-साधनातून 2023 मध्ये ‘स्किबिडी टॉयलेट’ ही मालिका उभी राहिली, जिने जगभरच्या लहान मुलांना वेड लावले आणि वडीलधाऱ्यांना बुचकळ्यात टाकले.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेने या प्रथेला शहर पुरवले. तिच्या पाचव्या खेळाची संगणकावरील आवृत्ती 14 एप्रिल 2015 रोजी आली, तीत दृश्ये नोंदवून कापण्या-जोडण्याचे साधन कंपनीनेच दिले होते. मॉडमुळे त्यात मोकळा कॅमेरा, हवामान बदलण्याची सोय आणि वेळ मंद करण्याची कळ येऊन मिळाली. कॅमेऱ्याची चाल ‘की-फ्रेम’ने ठरवतात, म्हणजे प्रवासाचे निवडक थांबे नेमून द्यायचे आणि मधली वाट संगणकाने भरून काढायची. थांबे फार जवळ पडले तर कॅमेरा अडखळतो, फार दूर पडले तर तो वळणावर भिंतीतून आरपार जातो. त्यामुळे थांबे कोठे ठेवावेत हा अनुभवाचा भाग ठरतो. याच खेळात, टाळेबंदीच्या काळात, दोन ब्रिटिश नटांनी शेक्सपिअरचे नाटक बसवण्याचा घाट घातला आणि त्यावरचा ‘ग्रँड थेफ्ट हॅम्लेट’ हा माहितीपट 2024 मध्ये चित्रपट महोत्सवांत गेला.

महाराष्ट्रात ही प्रथा रुजली ती नेट-कॅफेतील संगणकावर आणि 2016 नंतर डेटा स्वस्त झाल्यावर मोबाइलवर. आणि येथे तिने जे रूप घेतले ते गोळीबाराचे नव्हे, रस्त्याचे होते. त्याचे मोठे श्रेय ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या 2017 मधील खेळाला जाते. मालेओ या इंडोनेशियातील कंपनीने बसचे रंगरूप आणि पुढे बसच बदलण्याची मुभा खेळात ठेवली होती, तिचा फायदा घेऊन केरळपासून महाराष्ट्रापर्यंतच्या हौशी मुलांनी आपापल्या राज्याच्या बस त्यात उतरवल्या. इंडोनेशियात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात; शेते, टपऱ्या, दुचाकींची गर्दी यांचाही मेळ बसतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’तील लॉस एंजेलिसच्या धर्तीवरच्या रस्त्यावर आगंतुक वाटणारी एस.टी. येथे खपून जाते, याचे कारण यातच शोधले पाहिजे.

एस.टी.चे रूप खेळात आणण्याच्या कामाला ‘लिव्हरी’ करणे म्हणतात. बसचे सगळे अंग उलगडून सपाट केलेला एक नकाशा असतो. त्यावर लाल रंग, पट्टे, महामंडळाचे नाव, आगाराचे नाव, नंबरप्लेट रंगवायची, आणि खेळ ते कापड बसभोवती गुंडाळतो. दारावर शिवण चुकली की अक्षर दुभंगते. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या बसपासून एस.टी.ने अनेक रूपे पालटली, 1982 च्या आशियाई स्पर्धांची आठवण सांगणारी ‘एशियाड’, ‘परिवर्तन’, ‘शिवशाही’, आणि यांतील कोणते रूप कोणत्या नंबरप्लेटला शोभते याचा काथ्याकूट हौशी मंडळी करतात, कारण दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत बांधलेल्या गाड्यांचे नोंदणीक्रमांक वेगवेगळे असल्याने जाणत्याला पाटीवरून गाडीचे माहेर कळते. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते स्टँडवर उभे राहून मिळवलेले आहे.

या साऱ्याची मर्यादा पाहायची असेल, तर पुणे-सोलापूर महामार्गावरील दौंड तालुक्यातील पाटस हे गाव चांगले उदाहरण ठरते. येथून बारामतीकडे रस्ता फुटतो, भीमा सहकारी साखर कारखाना येथेच आहे, आणि आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी वरवंडहून निघून पाटसला विसावते व रोटी घाट चढून उंडवडीकडे जाते. या रस्त्यावरील लाल बस खेळात आली आहे. दोन ट्रॉल्या ओढणारा, मोठ्याने टेप लावलेला उसाचा ट्रॅक्टरही येऊ शकतो, कारण ‘फार्मिंग सिम्युलेटर’ या स्विस कंपनीच्या खेळात 2017 च्या प्लॅटिनम आवृत्तीपासून ऊस हे पीक आहे आणि भारतीय बनावटीचे ट्रॅक्टर हौशींनी मॉड म्हणून तयार केले आहेत. मात्र त्या खेळातला ऊस दक्षिण अमेरिकी धाटणीच्या शेतात उगवतो आणि अजस्र यंत्र तो कापते. गळीत हंगामात बीडकडून येणारी, फडाच्या कडेला कोप्या घालून राहणारी, कोयत्याने ऊस तोडून मोळ्या बांधणारी जोडपी त्यात नाहीत.

हा दोष कोणाच्या मनाचा नसून तंत्राचा आहे. वाहन हे ठोकळ्यासारखे एकसंध असते, त्याची चाके फिरली की पुरे. माणसाला मात्र सांगाडा द्यावा लागतो, सांध्यांना वजन वाटून द्यावे लागते, आणि वाकणे, उचलणे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणे यांतील प्रत्येक हालचाल वेगळी बसवावी लागते. दिंडीची अडचण तर दुप्पट, कारण एकाच वेळी पडद्यावर किती चालती माणसे असावीत याला खेळ मर्यादा घालतो. परिणाम असा की मराठी सिनेमॅटिकमध्ये वाहने अस्सल आहेत आणि माणसे परकी किंवा गैरहजर. पावसात घाट उतरणारी रिकामी बस हे या प्रकाराचे ठरून गेलेले दृश्य बनले आहे. पटवर्धनांनी एकाच पात्रासाठी काचांमागून काचा रंगवल्या, कारण त्यांना आख्यान सांगायचे होते. बसच्या हौशींना अजून आख्यानाची गरज भासलेली नाही, असे म्हणावे लागते.

मालकीचा प्रश्न येथेही सुटलेला नाही. मायक्रोसॉफ्ट आणि ब्लिझर्ड या कंपन्यांनी 2007 मध्ये आपल्या खेळांतून बिनव्यापारी चित्रफिती करण्यास सशर्त परवानगी दिली. 2024 मध्ये खुद्द गॅरी न्यूमन यांनाच ‘स्किबिडी टॉयलेट’च्या नावाने हक्कभंगाची नोटीस आली, ही विनोदी घटना याच गुंत्यातली. मराठी मॉडच्या बाबतीत खेळ इंडोनेशियाचा, रंगसंगती महामंडळाची, बसचा साचा कोणा तिसऱ्याचा आणि हॉर्न चौथ्याचा अशी स्थिती असते, म्हणून कर्ते मागच्या काचेवर आपल्या चॅनेलचे नाव रंगवून ठेवतात. खेळाची आवृत्ती बदलली की जुना मॉड पुष्कळदा चालेनासा होतो, साठवणुकीचे दुवेही मरतात, आणि मग त्या बसचा पुरावा म्हणून तिची चित्रफीत तेवढी उरते. खरोलिकेच्या काही काचा शतक ओलांडूनही टिकल्या, मॉडच्या फाइलला मात्र पाच-सात वर्षे गाठणेही कठीण जाते.