सांगोल्याचा माल आणि मापबदलाचे धक्के

माणदेशाच्या कोरड्या माळावर वसलेल्या सांगोल्याला आगगाडीचा लाभ झाला तो 1927 साली, बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी वाट पंढरपूरहून मिरजेला जाऊन भिडली तेव्हा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराने 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी या टप्प्यावर जिचा आरंभ केला, त्या या रेल्वेचे मर्म भारवाटणीत होते. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा त्याचा दंडक होता, आणि त्यायोगे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरगच्च माल नेता येऊ लागला. येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांवर विभागणारा आजचा क्लाउडमधील लोड बॅलन्सर याच न्यायाने चालतो.

परंतु भार वाटला म्हणजे माल पोचला असे नव्हे. सांगोल्याच्या पूर्वेस कुर्डुवाडीला ब्रॉडगेज, पश्चिमेस मिरजेला मीटरगेज. म्हणजे लांबचा माल कोणत्याही दिशेने गेला तरी एकदा उतरवून दुसऱ्या डब्यात चढवणे प्राप्तच होते. हमालांच्या हातून पोती एका गाडीतून दुसरीत जात असताना एखादे गहाळ झाले, तर त्याचा पत्ता लावण्यास रवानगीची आणि आवकेची नोंद ताडून पाहण्याखेरीज गत्यंतर नव्हते. पोते पहिल्या धक्क्याच्या दप्तरात असून दुसऱ्याच्या दप्तरात नसेल, तर तपासाची जागा आपोआप मुक्रर होई.

मालकम मॅकलीनने 1956 साली समुद्रमार्गे पाठवलेल्या बंद पेट्यांनी, म्हणजे कंटेनरांनी, अशी उतरवा-चढव पुष्कळ आटोक्यात आणली. गंमत अशी, की 2013 मध्ये अवतरलेल्या डॉकर या सॉफ्टवेअरने संगणकाच्या कार्यक्रमासाठी जो कंटेनर लोकप्रिय केला, त्याच्या दारात मात्र मापबदलासारखाच पत्ता आणि पोर्ट यांचा बदल पुन्हा आलाच. अशा कंटेनरात चालणाऱ्या सर्व्हरला लोड बॅलन्सर आजारी ठरवून वाहतूक थांबवतो, तेव्हा नवशिके लोक बॅलन्सरलाच दोष देतात. अनुभवी माणूस टीसीपीडंप या साधनाने यजमान यंत्राच्या जाळ्यावर आणि कंटेनरच्या आतल्या जाळ्यावर, दोन्ही ठिकाणी पॅकेटे पकडतो. यजमानापाशी आलेली पॅकेटे आत दिसत नसतील तर पोर्टची जोडणी किंवा मधली आगभिंत पाहावी. आत पोचूनही जोडणी नाकारली जात असेल, तर कार्यक्रम बहुधा केवळ 127.0.0.1 या घरगुती पत्त्यावर कान देऊन बसलेला असतो. बाहेरच्या ग्राहकाचा मूळ पत्ताही अनेकदा बॅलन्सरच्या पत्त्याआड झाकला जातो, म्हणून आतल्या नोंदवहीत सगळी आवक एकाच गावाहून आल्यासारखी भासते.

सांगोल्याची वाट एकविसाव्या शतकात ब्रॉडगेज झाली, आणि 28 डिसेंबर 2020 रोजी देशातील शंभरावी किसान रेल याच स्थानकातून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. मापबदलासाठी तिचा माल वाटेत कोठेही उतरवावा लागला नाही. संगणकाच्या जाळ्याला ते भाग्य अद्याप लाभलेले नाही. तेव्हा तपास करणाऱ्या तरुणांनी क्लाउडवाल्या कंपनीकडे तक्रार धाडण्यापूर्वी दोन्ही धक्क्यांची दप्तरे एकदा शेजारी ठेवून वाचावीत.