जात्यावरील ओव्यांचें भांडार आणि त्याची किल्ली

बारामतीचें नांव मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत मोरोपंतांनीं कायमचें केलें. १७२९ सालीं पन्हाळगडावर जन्मलेले हे पंडित कवि कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयास आले आणि १७९४ सालीं तेथेंच निवर्तले. मधल्या आयुष्यांत त्यांनीं रचलेल्या हजारों आर्या पोथ्यांत उतरल्या, त्या पोथ्या रुमालांत बांधून जपल्या गेल्या, आणि छापखाने निघाल्यावर त्यांचीं पुस्तकें झालीं. आज एखाद्या जिज्ञासूस मोरोपंतांची अमुक एक आर्या पाहावयाची असली, तर पर्वाचें नांव व आर्येचा अंक एवढें कळलें म्हणजे पुरे होतें.

त्याच बारामतींत, पंत दौत-लेखणी घेऊन बसत त्याच्या कितीतरी आधीं, घरोघरीं जातीं फिरूं लागत. पहाटेच्या अंधारांत दोघी जावा किंवा मायलेकी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालीत, मुठीनें दाणे सोडीत आणि ओवीमागून ओवी गात. दळण संपलें कीं ओवीही संपे. तिची पोथी झाली नाहीं. एकाच गांवांत, एकाच भाषेंत झालेल्या दोन रचनांपैकीं एक सांपडते व दुसरी सांपडत नाहीं. हा भेद रचनेच्या गुणावगुणांनीं पडलेला नाहीं, लेखणी कोणाच्या हातीं होती त्यावरून पडला आहे. तो भेद भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न पुणें जिल्ह्यांतूनच झाला.

जात्यावरच्या ओवीला श्रोता नसतो, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. कीर्तनकार लोकांसाठीं गातो, तमासगीर पैशासाठीं गातो. दळणारी बाई कोणासाठींच गात नाहीं. घरचे पुरुष निजलेले असत आणि दगडाची घरघर शब्दांना आडोसा देई. त्यामुळें दिवसा जें बोलण्याची सोय नसे तें ओवींत बोललें जाई: सासुरवास, भावाची वाट पाहणें, लेक दूरदेशीं दिल्याचें दुःख, आणि सीतेच्या वनवासाच्या मिषानें स्वतःचा वनवास. पुढें विसाव्या शतकांत खेडोपाडीं पिठाच्या गिरण्या आल्या, प्रथम तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या व मग विजेच्या. त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. ज्यानें जातें कधीं ओढलें नाहीं तोच त्याचे गोडवे गातो. बायकांनीं तें आनंदानें सोडलें. परंतु कामाबरोबर गाणेंही गेलें. जातें उरलें तें लग्नांतल्या हळदीपुरतें.

ओव्यांचे छापील संग्रह पूर्वीं झाले नाहींत असें नव्हे. साने गुरुजींचें ‘स्त्रीजीवन’ प्रसिद्धच आहे; सरोजिनी बाबर, दुर्गा भागवत यांच्यासारख्या विदुषींनीं लोकसाहित्याच्या अभ्यासांत आयुष्य वेंचलें. त्या श्रमाचें मोल कमी करण्याचा प्रश्न नाहीं. तथापि छापील संग्रहास त्याच्या म्हणून कांहीं मर्यादा असतात. पानें मोजकीं असल्यानें संपादकास निवड करावी लागते. सुबक दिसेल ती ओवी आंत येते, ओबडधोबड ती बाहेर राहते. गाणारीचें नांव बहुधा गळतें, गांवाचें नांवही गळतें. चाल तर कागदावर येतच नाहीं.

ह्या मर्यादांच्या पलीकडे जाण्याचें काम १९८० नंतरच्या दशकांत दोघांनीं हातीं घेतलें. एक हेमा राईरकर आणि दुसरे मूळचे फ्रान्सचे, परंतु पुण्यास येऊन येथलेच होऊन राहिलेले गी पॉइतवाँ. समाजशास्त्रीय संशोधनासाठीं त्यांनीं पुण्यांत एक संस्था चालविली होती, आणि मुळशी-मावळच्या डोंगरपट्टींतील गरीब डोंगरी संघटनेशीं त्यांचा निकट संबंध होता. बायका सभेंत बोलत नाहींत, पण ओवी सांगा म्हटलें कीं बोलूं लागतात, हें तेथें दिसून आलें. मग गांवच्याच कार्यकर्त्या बायकांनीं आपआपल्या आळींतल्या आयाबायांकडून ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. मुळशींत सुरू झालेलें हें काम पुढें महाराष्ट्राच्या कित्येक जिल्ह्यांत पसरलें. तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून, एक हजारावर गांवांतून, एक लाखाहून अधिक ओव्या कागदावर उतरल्या. निवडानिवड केली नाहीं. जी सांगितली ती घेतली.

आतां लाख ओव्या कागदावर आल्या म्हणजे त्यांतून हवी ती एक कशी काढावयाची?

नभोवाणीच्या श्रोत्यांस कल्पना नसेल, पण असाच प्रश्न श्रुतिका बसविणाऱ्यास रोज पडतो. वादळाच्या प्रसंगीं कोणते सूर लावावे, निरोपाच्या वेळीं कोणते, यासाठीं दर वेळीं नवा वाद्यवृंद बसविणें परवडत नाहीं. म्हणून तयार संगीताचे सांठे करण्याची वहिवाट पडली. लंडनमध्यें मेयर द वुल्फ नांवाच्या गृहस्थांनीं १९०९ सालीं मूकपटांस साथ करणारें संगीत पुरविण्याचा धंदा काढला, आणि बोलपट आल्यावर तोच धंदा ध्वनिमुद्रणाचा झाला. अशा सांठ्यांत प्रत्येक तुकड्यावर त्याचा भाव, गति, वाद्य आणि मिनिटें-सेकंद यांची पाटी असते. पूर्वीं तबकड्या टपालानें जात. पुढें हे सांठे संगणकाच्या जाळ्यावर चढले. ‘उदास, संथ, बांसरी, तीस सेकंद’ एवढें टंकलें कीं पांचपन्नास तुकडे समोर येतात. त्यांतला पसंत पडेल तो ऐकावा, दाम मोजावे व आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा. ह्या संगीताचा गुण असा कीं तें कोठेंही जोडतां येतें. त्यास गांव नसतें, आणि असूं नये अशीच ग्राहकाची इच्छा असते.

ओवीचें सर्व उलट आहे. तिच्यांतून गांव काढलें तर फारच थोडें उरतें. म्हणून हिची पाटी निराळी करावी लागली. राईरकर व पॉइतवाँ यांनीं सर्व ओव्यांचें विषयवार वर्गीकरण केलें, तें असें कीं वर इंग्रजी मुळाक्षर, त्याखालीं रोमन अंक, त्याखालीं साधा अंक, आणि शेवटीं पुन्हां अक्षर. ‘ए’ अक्षराखालीं सीतेची कथा येते, ‘बी’ खालीं पंढरीची वाट, ‘एच’ खालीं डॉ. आंबेडकरांवरील ओव्या, आई, मुलगा, लेक, भाऊ, सासर यांचे विभाग ह्यांच्या मधोमध. एखाद्या झाडाची फांदी, तिची डहाळी, डहाळीचें पान, असा तो क्रम आहे. अमुक ओवी कोणत्या पानावर बसवावी हें ठरवितांना घासाघीस झाली असलीच पाहिजे, कारण एकाच ओवींत विठोबाही असतो आणि माहेरही असतें.

यावर संगणकाचा संस्कार झाला तो १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत. फ्रान्सच्या राष्ट्रीय शास्त्रीय संशोधन केंद्रांतील बर्नार्ड बेल हे संगणकाच्या साह्यानें संगीताचा अभ्यास करणारे विद्वान ह्या कामांत सामील झाले. त्यांनीं ओव्यांचा माहितीकोश रचला आणि गांवोगांव हिंडून १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलें. त्या काळीं संगणकावर देवनागरी लिहिणें म्हणजे एक उपद्व्याप होता. प्रत्येक टंकाची सांकेतिक लिपि निराळी. एका यंत्रावर लिहिलेली ओवी दुसऱ्यावर उघडली तर नुसत्या चिन्हांची रांगोळी दिसे. जगांतील सर्व लिप्यांना एकच संकेत देणारी ‘युनिकोड’ पद्धत रूढ झाल्यावर ही अडचण दूर झाली. आतां कोशांतील ओवीस देवनागरी पाठ आहे, रोमन लिप्यंतर आहे, वर्गाचा अंक आहे, गाणारीचें नांव आहे, गांव व तालुका आहे. आणि जिचें ध्वनिमुद्रण झालें असेल तिच्याशीं तो आवाज जोडलेला आहे. अर्थात् बहुतेक ओव्या अक्षररूपानेंच आहेत. आवाज लाभला तो थोड्यांना.

इंदापूर तालुक्यांतील निमगांव केतकीच्या स्त्रियांचा आवाज ह्या संग्रहांत आहे, आणि हें गांव कोठें आहे तें पाहिलें म्हणजे गाण्याचा उगम कळतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पुढें सरकते. काटेवाडीस तिच्यापुढें धोतरांच्या पायघड्या पडतात व मेंढ्यांचें रिंगण होतें. सणसर, मग बेलवाडीचें गोल रिंगण, अंथुर्णें, निमगांव केतकी, इंदापूर, आणि नीरेकांठची सराटी. आषाढाच्या तोंडावर जिच्या दारावरून लाखों पावलें जातात त्या बाईच्या ओवींत पंढरी येणारच. पण ती ओवी संतांच्या अभंगासारखी नसते. विठ्ठल तिला देव म्हणून जितका भेटतो तितकाच घरचा माणूस म्हणून भेटतो, आणि रखुमाईशीं तिचें बोलणें बायकाबायकांचें असतें. असली ओवी शोधण्यास ‘भाव : भक्तिपर’ ही पाटी काय कामाची? गांव, तालुका व वर्गाचा अंक हाच तिच्यापर्यंत जाण्याचा मार्ग.

तरीही गांवाच्या नांवानें शोधणें वाटतें तितकें सोपें नाहीं. भीमेवर उजनीचें धरण झालें तेव्हां इंदापूर तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें उठून वर बसलीं. पळसदेवचें जुनें देऊळ पाणी आटलें म्हणजे वर दिसतें. गांव मात्र दुसरीकडे आहे. ओवींतला नदीचा घाट नव्या गांवठाणांत कोणी शोधूं गेला तर त्याला तो मिळावयाचा नाहीं.

शब्दांनीं शोधतांनाही अशीच ठेंच लागते. शाळेंत शिकलेला मनुष्य ‘विठ्ठल’ टंकतो. बाईनें ‘इठ्ठल’ म्हटलेलें असतें. तो ‘रुक्मिणी’ लिहितो, ओवींत ‘रुखमीण’ असते. संग्राहकांनीं बोली शुद्ध करून घेतली नाहीं हें योग्यच झालें. तशी ती केली असती तर शोध सुकर झाला असता, पण मग शोधण्याजोगें काय राहिलें असतें? येथें वर्गीकरणाचा खरा उपयोग कळतो. जेथें अक्षर चुकतें तेथें विषयाचा अंक वाट दाखवितो. यंत्रानें शब्द जुळवावे आणि माणसानें अर्थ जुळवावा, अशी ही कामाची वांटणी आहे, आणि दुसरें काम मोजमापाबाहेर अवघड आहे.

संग्रहाचा पुढील प्रवास काळजी वाटावा असाच झाला. ध्वनिमुद्रणें हरयाणांत गुडगांवच्या संगीतविषयक अभिलेखागारांत राहिलीं. मग बेल यांनीं तीं फ्रान्समध्यें एक्स-आं-प्रोव्हान्स येथील भांडारांत नेलीं. २००४ सालीं पॉइतवाँ वारले आणि २०१० सालीं राईरकर. कर्ते गेल्यावर अशा कामांचें काय होतें तें सर्वांस ठाऊक आहे: कागद पेट्यांत जातात, आणि पेट्या माळ्यावर. येथें तसें झालें नाहीं. पत्रकार पी. साईनाथ यांनीं २०१४ सालीं सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ या संकेतस्थळानें हा संग्रह आपल्याकडे घेतला आणि २०१७ पासून ओव्या आवाजासह, भाषांतरासह प्रसिद्ध होऊं लागल्या. वाचण्यास वा ऐकण्यास दाम पडत नाहीं. पूर्वींच्या सहकाऱ्यांपैकीं कांहीं मंडळी नव्या चमूसह पुन्हां त्याच गांवांत गेली आणि गाणाऱ्यांचीं घरें शोधूं लागली. कांहीं भेटल्या व पुन्हां गायल्या. कांहीं वारल्या होत्या. त्यांच्या मुलांना आईचें ध्वनिमुद्रण झालें होतें हेंच ठाऊक नव्हतें.

ज्या घरीं आईचें छायाचित्रही धड नाहीं तेथें तिचा आवाज असा परत येतो, तो केवळ कोणीतरी त्या ओवीखालीं तिचें नांव लिहून ठेवलें होतें म्हणून. तयार संगीताच्या धंद्यांत नांव लिहितात तें हक्काचे पैसे कोणास द्यावयाचे हें कळावें यासाठीं. ओवी कोणा एकीची मालमत्ता नाहीं. ती आजीकडून आली व जावेकडे गेली. तरी त्या पहाटे, त्या गांवीं, ती कोणी म्हटली याची नोंद झाली, हें मराठींत पूर्वीं फारसें घडलें नव्हतें.

बारामतीस विद्या प्रतिष्ठान या संस्थेनें ‘वसुंधरा वाहिनी’ हें सामुदायिक नभोवाणी केंद्र उभारलें. अशा केंद्रावर पावसाचा किंवा वारीचा कार्यक्रम बसविणाऱ्यास परदेशी सांठ्यांतील बांसरी एका क्षणांत मिळते. वीस-पंचवीस मैलांवरच्या निमगांवची ओवी मिळविण्यास थोडा खटाटोप करावा लागेल, इतकेंच.

एक गोष्ट मात्र अद्याप यंत्राच्या आटोक्यांत आलेली नाहीं. ओवीच्या चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. एकच ओवी निरनिराळ्या गळ्यांवर गातां येते. गळा बदलला कीं मधले ‘बाई’, ‘ग’, ‘माझ्या’ हे शब्द जागा बदलतात, ओळ मोडून पुन्हां घेतली जाते. कागदावरच्या पाठांत हें कांहींच दिसत नाहीं. कोशांत नांव शोधतां येतें, गांव शोधतां येतें, सीता आणि पंढरी शोधतां येते. गळा शोधावयाचा तर ध्वनिमुद्रण लावून एकामागून एक ओवी कानांनीं ऐकत बसावें लागतें.