नारा येथील भरतकाम व त्यावरील चिन्हे

वाचकहो, बुखारा-समरकंदहून इस्राएलात आलेल्या बांधवांच्या घरी भिंतीवर टांगलेली सुझनी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. फारसीत सुझन म्हणजे सुई. सुझनीवरील डाळिंब हे भरल्या घराचे, संततीचे चिन्ह. अशी चिन्हे कापडावरून किती दूर जातात, हे जपानातील नारा प्रांतात दिसते.

तेथील होर्यूजी मंदिरात ७ व्या शतकातील एक रेशमी वस्त्र आहे. मोत्यांच्या वर्तुळात मधोमध वृक्ष, आणि पंख असलेल्या घोड्यांवरून सिंहांवर बाण रोखणारे चार स्वार. राजाच्या पराक्रमाचे हे चिन्ह मूळ ससानी इराणातील. ते मध्य आशियाच्या व्यापारी मार्गाने पूर्वेस गेले. वस्त्र चीनमध्ये विणले गेले, म्हणून घोड्यांच्या अंगावर चिनी अक्षरे आहेत.

हे झाले विणकाम. जपानातील सर्वांत जुने भरतकाम शेजारच्या चुगूजी या भिक्षुणीमठाचे आहे. इ. स. ६२२ मध्ये राजपुत्र शोतोकू निवर्तले. ते ज्या स्वर्गात गेले तो डोळ्यांनी पाहता यावा, म्हणून त्यांच्या शोकाकुल पत्नीने आपली आजी सम्राज्ञी सुइको हिला विनंती केली, आणि दोन पडदे भरले गेले. त्यांवर शंभर कासवे होती; प्रत्येकाच्या पाठीवर चार अक्षरे. चंद्रबिंबात ससा आहे. आपण चंद्रास शशांक म्हणतो, ते याच कल्पनेने.

आज त्यांचे तुकडेच उरले आहेत. १२७५ साली केलेल्या प्रतीचे तुकडेही त्यांत मिसळले आहेत. तरी घट्ट पिळाच्या धाग्याचे जुने टाकेच अधिक टवटवीत दिसतात.

कासवांवरील मजकूर एका जुन्या ग्रंथात उतरवलेला असल्याने वाचला. त्यात चित्रे रेखाटणाऱ्यांची नावे आहेत : यामातो-नो-आया-नो-माकेन, कोमा-नो-कासेई, आया-नो-नुकाकोरी. ही सारी समुद्रापलीकडून येऊन स्थायिक झालेल्या घराण्यांची माणसे. परमुलखातून आलेल्यांच्या हातून त्या देशाचा ठेवा घडला, हे वाचून आम्हां स्थलांतरितांचे मन भरून येते.

मात्र प्रत्यक्ष सुई चालविणाऱ्या दरबारातील स्त्रियांपैकी एकीचेही नाव त्यात नाही. येथे आम्हांस आपल्या पेट्यांची आठवण होते. कोकणातून, मुंबईहून आणलेली आजीची गोधडी, आईने भरलेला रुमाल आपण जपून ठेवतो. पण तो कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी केला, हे नातवंडांस ठाऊक असते काय? सांगणारे हयात आहेत तोवर एका चिठ्ठीवर ते नाव लिहून वस्त्रासोबत ठेवावे, एवढीच आमची विनंती.