वर्षातले काही आठवडे सैनिक

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या वस्तीचा पुरुष आठवायचा म्हटला, की लोकल पकडणारा नोकरदार डोळ्यांपुढे येतो, वर्दी येत नाही. म्हणूनच प्रादेशिक सेनेतला अधिकारी आपल्या स्मरणातून निसटतो. नोकरी सांभाळून वर्षातले काही आठवडे लष्कराला देणाऱ्यांची ही सेना. तिचा कायदा 1948 चा. 9 ऑक्टोबर 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. अर्धवेळ सैनिक ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. दसऱ्याला शिलंगणासाठी निघून पावसाळ्याआधी शेतावर परतणारा शिलेदार मराठी मुलुखाने पाहिला होता आणि 1737 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेणारे सैन्यही अशाच समाजातून उभे राहिले होते. मात्र शिलेदाराला मुशाहिरा आणि लुटीची आशा असे, हा फरक झाकू नये.

अशी सेवा दुय्यम, असा आक्षेप घेतला जातो. पण 1962, 1965 आणि 1971 च्या युद्धांत या तुकड्यांना पाचारण झाले, तेव्हा मृत्यूने पूर्णवेळ आणि अर्धवेळ असा भेद केला नाही. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: 1974 च्या रेल्वे संपात गाड्या चालवायला प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्या वापरल्या गेल्या. रेल्वेवर जगणाऱ्या ठाणे-कल्याण पट्ट्याने हे विसरू नये. अधिकाऱ्याचा गौरव करताना हे पानही उघडेच ठेवावे. आदर त्यामुळे कमी होत नाही, खरा होतो. अशा अधिकाऱ्याच्या फोटोखाली हुद्द्याइतकेच त्याच्या कचेरीचे नावही लिहायला हवे.