रिकॉल : मोकळ्या कुत्र्याला परत बोलावणे

लीश सोडून मोकळा केलेला कुत्रा हाक किंवा शिट्टी ऐकताच, समोर कितीही मोह असला तरी, वळून पालकाजवळ येतो. या शिकवणीला रिकॉल म्हणतात. ब्रिटनमध्ये कुत्र्याला कुरणात, रानात, समुद्रकिनारी मोकळे सोडून फिरवण्याची जुनी रीत आहे, आणि ती रीत सगळी या एका सवयीवर उभी आहे.

घरात नाव ऐकून धावत येणारा कुत्रा बाहेर येईलच असे नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये फेंटन नावाचा लॅब्रडॉर हरणांच्या मागे लागला. गाड्यांच्या रस्त्यावरून उधळलेला कळप, मागे फेंटन आणि त्याच्या मागे हाका मारत धावणारा मालक, अशी ती चित्रफीत जगभर हसत हसत पाहिली गेली. खरे तर प्रसंग हसण्यासारखा नव्हता. पार्कात सहाशेहून अधिक हरणे आहेत आणि बिथरलेला कळप गाडीवर आदळायला वेळ लागत नाही. मालकाचा आवाज चढत गेला, पण उपयोग झाला नाही. पळणाऱ्या प्राण्याचा पाठलाग हेच कुत्र्याला सर्वांत मोठे बक्षीस वाटते. त्याच्याशी नुसता आवाज स्पर्धा करू शकत नाही.

म्हणून शिकवण्याची सुरुवात शांत जागी आणि खऱ्या मोबदल्याने करतात: उकडलेल्या चिकनचा तुकडा, आवडता चेंडू. हाक एकदाच मारायची. दहादा मारलेली हाक कुत्र्याच्या लेखी वाऱ्याचा आवाज होते. उशिरा आला तरी रागवायचे नाही, कारण रागावणे त्याच्या मनात येण्याशी जोडले जाते. आणखी एक चूक फार सर्रास होते: फिरणे संपवून घरी न्यायचे असेल तेव्हाच हाक मारायची. कुत्रा ते चटकन ओळखतो. त्याला बोलवावे, खाऊ द्यावा आणि पुन्हा खेळायला सोडावे. असे फेरफटक्यात अनेकदा करावे. मधल्या टप्प्यात सुमारे दहा मीटरची लांब दोरी वापरतात. ती गळपट्ट्याला न लावता छातीच्या हार्नेसला लावतात, म्हणजे हिसक्याने मानेला इजा होत नाही.

शिकारी कुत्र्यांचे प्रशिक्षक हाकेपेक्षा शिट्टी पसंत करतात. ॲक्मे कंपनीची २१०½ क्रमांकाची शिट्टी स्पॅनियल पाळणाऱ्यांच्या गळ्यात हमखास दिसते. शिट्टीत माणसाचा राग किंवा घाबरटपणा उतरत नाही आणि घरातल्या कुणीही वाजवली तरी सूर तोच राहतो.

वयात येताना मात्र शिकलेलेही डळमळते. २०२० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मार्गदर्शक श्वानांची पिल्ले आठ महिन्यांची असताना सांभाळणाऱ्याचे ऐकणे पाच महिन्यांच्या मानाने कमी झाले होते, परक्या माणसाचे मात्र ती ऐकत होती. या काळात मारझोड न करता पुन्हा लांब दोरीकडे वळणे शहाणपणाचे. धाकासाठी वापरल्या जाणाऱ्या, विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर तर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे.

कुत्रा मोकळा सोडणाऱ्याच्या शिष्टाचाराचा पहिला नियम सोपा आहे: समोरचा कुत्रा लीशवर दिसला की आपला बोलावून बांधायचा. तो कुत्रा म्हातारा असेल, त्याचे टाके ताजे असतील किंवा पूर्वी चावा खाल्ल्याने तो घाबरत असेल. बांधलेल्याला पळता येत नाही, म्हणून तो गुरगुरतो. अशा वेळी लांबून येणारे “काही करत नाही हो तो!” हे आश्वासन निरर्थक आहे, प्रश्न समोरच्या कुत्र्याला काय वाटते याचा असतो. २०१२ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या मोहिमेने अशा कुत्र्यांच्या लीशला पिवळी फीत बांधण्याची प्रथा रुजवली. ती दिसली की अंतर राखायचे.

दोन्ही मोकळे असतील, तर भेट त्यांच्या रीतीने होऊ द्यावी. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगोस यांनी दाखवून दिले, की सभ्य कुत्रा सरळ चाल करून येत नाही. वळसा घेतो, नजर वळवतो, जमीन हुंगतो. काही क्षण हुंगून झाले की हाक मारून पुढे निघावे. अंग ताठरले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला किंवा एक कुत्रा सतत निसटू पाहत असेल, तर खेळ थांबवावा. शेपूट हलते आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे समजणे चूक आहे.

ब्रिटिश कायदाही यात आहे. १९९१ च्या डेंजरस डॉग्ज ॲक्टनुसार कुत्रा चावलाच पाहिजे असे नाही. तो इजा करील अशी रास्त भीती कुणाला वाटली तरी गुन्हा होऊ शकतो, मग जात कोणतीही असो. इंग्लंडमध्ये लोकांना फिरण्यासाठी कायद्याने खुल्या केलेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै लीश दोन मीटरपेक्षा लांब असून चालत नाही, कारण तेव्हा जमिनीवर पक्ष्यांची घरटी असतात. गुराढोरांजवळ हा नियम वर्षभर आहे. गाईच अंगावर आल्या, तर मात्र लीश सोडून द्यावी: कुत्रा पळून वाचतो आणि माणूसही.

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. गल्लोगल्ली भटक्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. मोकळा पाळीव कुत्रा त्यात शिरला, तर रिकॉल चांगला असूनही टोळी त्याला घेरते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर मोर आहेत, त्यामुळे पाठलागाचा मोहही आहे. अशा जागी लांब दोरी हाच सुरक्षित मार्ग ठरतो. पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.