गृहखात्याची शेवटची पायरी

गृहमंत्रालयाचा इतिहास नेहमी वरून लिहिला जातो. १८४३ साली कलकत्त्यात कंपनी सरकारचा गृह विभाग निघाला, १९४७ साली त्याचे मंत्रालय झाले. पहिले गृहमंत्री वल्लभभाई पटेल, पुढे राजगोपालाचारी, काटजू, पंत. ही यादी खोटी नाही, अपुरी आहे. भोर तालुक्यातल्या उत्रोलीत बसून मी हा इतिहास वाचतो, तेव्हा तो मला चावडीपासून वाचावा लागतो.

राज्य कोणाचेही असो, त्याला गावात डोळे, कान आणि पाय लागतात. ते काम महाराकडे होते. वेशीवर राखण करणे, परका माणूस आला की पाटलाला वर्दी देणे, चोराचा माग काढणे, कैदी सांभाळणे, सरकारी भरणा तालुक्याला पोचवणे. आज आपण ज्याला पोलिस यंत्रणा म्हणतो, तिची ही शेवटची पायरी होती. मोबदला काय? बलुते आणि हाडकी-हाडवळ्याचा तुकडा. अधिकार पाटलाचा, पायपीट महाराची!

इंग्रजांनी हे मोडले नाही, कायद्यात बसवले. मुंबई इलाख्यात १८६७ चा ग्रामपोलिस कायदा आणि १८७४ चा वतन कायदा आला. भोर हे पंतसचिवांचे संस्थान; इलाख्याचे कायदे तिथे आपोआप लागू होत नसत. पण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना गावगाडा एकच होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच वेठीविरुद्ध. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले, हेही लक्षात ठेवू.

८ मार्च १९४८ रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानांचे खाते पटेलांकडेच होते. १९५५ साली ते गृहमंत्रालयात मिसळले. राजा गेला, चावडी राहिली. कनिष्ठ वतने १ ऑगस्ट १९५९ पासून रद्द झाली आणि पाटीलकीचा वारसाहक्क १९६० च्या दशकात संपला. १९६७ च्या कायद्याने पोलिस पाटील नेमणुकीचा झाला. वेठ संपली, हा मोठाच विजय. पण राखण करणाऱ्या माणसाची स्वतःची राखण कोणी करायची?

त्या प्रश्नाला दिल्लीने कायद्यांनी उत्तर दिले: १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. मात्र १९८५ साली अनुसूचित जातींचा विषय गृहमंत्रालयातून कल्याण मंत्रालयाकडे गेला. आज तो सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे, आणि पोलिस घटनेनुसार राज्याच्या हाती. म्हणजे कायदा एका घरात, काठी दुसऱ्या घरात. बुटासिंग गृहमंत्री झाले; एके काळी पोलिस फौजदार असलेले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे २०१२ ते २०१४ या काळात त्याच खुर्चीवर बसले. आपल्याला अभिमान वाटला. पण ठाण्यातला टेबल खुर्चीवरचा माणूस बदलल्याने आपोआप बदलत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी मंत्र्यांच्या यादीआधी कलम ४ पाठ करावे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट लिहिले आहे: तोंडी फिर्याद लिहून घेऊन ती फिर्यादीला वाचून दाखवावी, गुन्हा नोंदवावा, प्रत ताबडतोब द्यावी. अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या अधिकाऱ्याने हे जाणूनबुजून टाळले तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. १९९५ च्या नियमांनुसार तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही.

आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावची वतनाची कागदपत्रे शोधावीत, म्हाताऱ्यांना चावडीचे काम विचारावे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या फुकट राखण केली, ते ठाण्यात याचक म्हणून जात नाहीत. या खात्याकडे त्यांचे जुने येणे आहे, आणि ते मागायला कायदा आता हातात आहे.