वाणिज्य पदवीतील ‘मायनर’ : श्रेयांकांचे गणित आणि निवडीचा प्रश्न

बारावीनंतर बी.कॉम.ला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आता केवळ महाविद्यालय निवडून भागत नाही. मेजर, मायनर, खुला वैकल्पिक विषय असे रकाने त्याच्यापुढे येतात आणि ते विचारपूर्वक भरण्यासाठी प्रवेशाच्या धामधुमीत फारसा अवधी नसतो. पालकांच्या पिढीत बी.कॉम. म्हणजे बहुतांशी ठरलेल्या विषयांची पदवी होती. त्यामुळे घरात विचारावे तरी कोणाला, हा पेच उरतोच. या सर्व रकान्यांत मायनरचा रकाना सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. ‘जो विषय सोपा तो घ्या’ एवढ्या सल्ल्यावर तो भरला जातो. प्रत्यक्षात पदव्युत्तर प्रवेशाचे दुसरे दार उघडण्याची शक्यता याच रकान्यात दडलेली आहे.

मेजर-मायनर ही मूळची अमेरिकी विद्यापीठांची परिभाषा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या १८७७-७८ च्या माहितीपत्रकात हे शब्द प्रथम आढळतात, असे मानले जाते. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेला पदवी अभ्यासक्रमाचा श्रेयांक आराखडा यांमुळे ती रूढ झाली. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढून राज्यासाठी रचना ठरवून दिली. स्वायत्त महाविद्यालये व विद्यापीठ विभागांत ती २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली.

या रचनेचा पाया श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, हा आहे. वर्गातील अध्यापनाचे १५ तास म्हणजे १ श्रेयांक. प्रात्यक्षिकासाठी हेच प्रमाण ३० तासांचे. एका सत्रात साधारणतः २२, वर्षाला ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक असा हिशेब आहे. चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स घेणाऱ्यास १७६ श्रेयांक लागतात. यापैकी मायनरच्या वाट्याला राज्याच्या आराखड्यात १८ ते २० श्रेयांक येतात. २०२३ च्या नमुना रचनेत दुसऱ्या सत्रात २ आणि पुढील चार सत्रांत प्रत्येकी ४, अशी त्यांची विभागणी होती. १८ श्रेयांक म्हणजे २७० तास. पदवीचा हा सातवा हिस्साही भरत नाही. मात्र एखाद्या विषयाची पायाभूत ओळख होण्यास तो पुरेसा ठरतो, अर्थात ते २७० तास खरोखरच शिकवले गेले तर.

आयोगाच्या आराखड्यात मात्र तीन वर्षांच्या पदवीसाठी मायनरचे किमान २४ आणि चार वर्षांसाठी किमान ३२ श्रेयांक सांगितले आहेत. हा फरक पाहून अनेकांचा गोंधळ उडतो. आयोगाने व्यावसायिक शिक्षणाचे १२ श्रेयांक मायनरच्याच खात्यात धरले आहेत. राज्याने व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रमांना स्वतंत्र कप्पा दिला आहे. त्यामुळे दोन तक्ते शेजारी ठेवून थेट तुलना करण्यात अर्थ नाही.

याहून मोठा गोंधळ मायनर आणि खुला वैकल्पिक विषय यांच्यातील सीमारेषेबाबत आहे. खुला वैकल्पिक विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच असावा लागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तो कला, विज्ञान किंवा अन्य शाखेतूनच निवडावा लागेल. मायनरला ही अट नाही. तो त्याच विद्याशाखेतील वेगळा विषय असू शकतो किंवा पूर्णपणे दुसऱ्या विद्याशाखेतील. लेखाकर्म मेजर असलेल्या विद्यार्थ्याने वाणिज्यमधलाच दुसरा विषय मायनर म्हणून घेणे नियमात बसते. महाविद्यालयांना हीच सोय सर्वाधिक सोयीची वाटते, कारण शिक्षक तेच, वर्ग तेच आणि वेळापत्रकही फारसे हलवावे लागत नाही. बहुविद्याशाखीय शिक्षण हा ज्या धोरणाचा गाभा, त्याच्याच अंमलबजावणीत विद्यार्थी पुन्हा आपल्या शाखेच्या कुंपणात राहतो. नियमभंग यात कोठेही नाही, पण मायनरचा हेतू त्यातून साधत नाही, हेही स्पष्ट आहे.

निवडीची वेळही महत्त्वाची. पहिल्या वर्षी विविध विषयांची चव घेऊन दुसऱ्या सत्राअखेर मायनर जाहीर करावा, अशी आयोगाची कल्पना आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०२४ च्या रचनेत पहिल्या वर्षी तीन विषय समान भाराने शिकून दुसऱ्या वर्षी त्यांतील एक मेजर, एक मायनर ठरवायचा आणि तिसरा सोडायचा, अशी पद्धत आली. ही पद्धत अधिक न्याय्य म्हणावी लागेल. सतराव्या-अठराव्या वर्षी, एकही तास न बसलेल्या विषयाबद्दल निर्णय घेण्याची सक्ती त्यात नाही.

आता प्रश्न उरतो तो मायनरचा पुढे उपयोग काय, हा. आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मेजर व मायनरसह पदवी घेतलेला विद्यार्थी दोहोंपैकी कोणत्याही विषयात पदव्युत्तर प्रवेशास पात्र ठरू शकतो. मात्र त्या विषयातील आपली क्षमता त्याने सिद्ध केली पाहिजे. पदवीतील गुण किंवा प्रवेश परीक्षा यांच्या आधारे विद्यापीठ ती तपासेल. म्हणजेच अर्थशास्त्र मायनर घेतलेल्या बी.कॉम. पदवीधराला एम.ए. अर्थशास्त्राची वाट मोकळी होऊ शकते. संख्याशास्त्र मायनर असेल तर विमागणित किंवा माहिती विश्लेषणाकडे वळताना हाताशी काही तरी ठोस असते. केवळ गुणांच्या बेरजेसाठी घेतलेल्या मायनरला ही किंमत नाही.

उलट दिशेने येणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. कला किंवा विज्ञान शाखेचे अनेक विद्यार्थी वाणिज्य वा व्यवस्थापन हा मायनर घेऊ पाहतात. बारावीला पुस्तपालन व लेखाकर्म न घेतलेल्या विद्यार्थ्याला रोजकीर्द आणि खतावणीपासून सुरुवात करावी लागते. पहिल्याच सत्रात मायनरला २ श्रेयांक, म्हणजे अवघे ३० तास मिळणार असतील, तर त्यात नोंदींचे नियम शिकवून अंतिम खात्यांपर्यंत पोहोचणे अवघड आहे. अशा विद्यार्थ्यांसाठी विपणन किंवा मनुष्यबळ व्यवस्थापन हे तुलनेने सुकर पर्याय. लेखाकर्म घ्यायचेच असेल तर उन्हाळी सुटीत पूर्वतयारी करावी.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बिझनेस कॉलेजांनी ही अडचण पूर्वअटींनी सोडवली आहे. तेथे १२० श्रेयांकांच्या पदवीत मायनर साधारणतः १५ ते १८ श्रेयांकांचा, म्हणजे पाच-सहा अभ्यासक्रमांचा असतो. सूक्ष्म अर्थशास्त्र, प्राथमिक संख्याशास्त्र किंवा लेखाकर्म यांपैकी काही आधी पूर्ण करावे लागते, किमान ‘सी’ श्रेणीची सरासरी राखावी लागते आणि यातील ठरावीक हिस्सा त्याच विद्यापीठात शिकावा लागतो. एकच अभ्यासक्रम मेजर आणि मायनर अशा दोन्ही खात्यांत मोजण्यावरही बहुधा मर्यादा असते. शिवाय, अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकूण श्रेयांकांच्या २५ टक्क्यांहून अधिक श्रेयांक व्यवसाय विषयांत घेऊ नयेत, असा नियम अनेक ठिकाणी आढळतो. त्यामागे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या एएसीएसबी या मानांकन संस्थेचा निकष आहे : ज्या पदवीत व्यवसाय विषयांचा वाटा २५ टक्के किंवा त्याहून अधिक, ती संस्थेच्या तपासणीच्या कक्षेत येऊ शकते. परदेशी पदवीचा विचार करणाऱ्या पालकांनी शुल्काच्या तक्त्याइतक्याच बारकाईने ही अट वाचावी.

आपल्याकडे मायनरची निवड करण्यापूर्वी महाविद्यालयाकडून तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. उपलब्ध यादीतील किती विषय किमान विद्यार्थीसंख्येअभावी रद्द होऊ शकतात? तो विषय पुढील सर्व सत्रांत सलग शिकवला जाईल काय? आणि गुणपत्रकावर मायनरचा उल्लेख नेमक्या कोणत्या नावाने होईल? सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची असून तिची सांगड पदवीच्या सहाव्या सत्रातील प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाशी आणि मायनरच्या तासांशी कशी घालायची, हे महाविद्यालयागणिक बदलते.

महाविद्यालयात अपेक्षित विषय नसल्यास ‘स्वयम्’ या केंद्रीय मंचावरील अभ्यासक्रमांचा पर्याय आहे. विद्यापीठाची मान्यता असल्यास एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यातून घेता येतात. मिळवलेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात आणि कमाल सात वर्षे ग्राह्य धरले जातात. विद्यापीठ बदलणाऱ्याने मात्र आधी नव्या विद्यापीठाकडून तो मायनर त्याच नावाने व तेवढ्याच श्रेयांकांसह स्वीकारला जाईल याची खातरजमा करावी. बँकेत श्रेयांक जमा असणे आणि ते पदवीसाठी मोजले जाणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत.